पाणी कशानं बाटतं

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले काही आकडे लिहून काढताना घातले आहेत.)



इथं यायच्या आधी तुमचा तलाव बघून आलो. गेटला कुलूप, कुलपाला गंज, आणि बाजूच्या भिंतीला एवढं भगदाड की म्हैस आत जाईल. पाणी काळपट हिरवं. वर तरंगतंय काय, तर एक चप्पल, थर्माकोलच्या मखराचा तुकडा, दोन दारूच्या बाटल्या. कडेला बेडूक मजेत बसलाय. आणि पाटी : 'अशुद्ध पाणी. प्रवेश बंद.'

मी ती पाटी दोनदा वाचली. घाण नाही लिहिलं, खराब नाही लिहिलं. अशुद्ध. या शब्दाशी आपलं जुनं भांडण आहे, म्हणून आधी तेच काढतो. पंप-फिल्टर पळून जात नाहीत.

१९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले. मग आपल्या माणसांची डोकी फुटली, ते तुम्हाला पाठ आहे. मी त्याच्या पुढचं बोलतोय. सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरींचा विधी. शेण, गोमूत्र, दूध, दही. वर मंत्र.

मी नऊ वर्षं तलावाच्या पंपावर काढलेला माणूस. मला त्यात धर्म दिसायच्या आधी केमिस्ट्री दिसते. शेण म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. गोमूत्र म्हणजे युरिया. दूध-दही म्हणजे चरबी आणि प्रथिनं. हे सगळं शेवाळाचं आणि जंतूंचं जेवण आहे. आज कुणी माझ्या तलावात हे ओतलं तर मला रात्रभर क्लोरीन मारत बसावं लागेल. माणसाच्या ओंजळीनं त्या पाण्याला काही झालं नव्हतं. झालं असेल तर त्यांच्या शुद्धीनंच झालं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं यायला १९३७ उजाडलं.

तर शुद्ध-अशुद्ध हे शब्द त्यांच्याकडेच ठेवू. आपण साफ म्हणू. साफ पाणी मोजता येतं. शुद्ध पाणी कुणीतरी सांगितलं की मानायचं असतं.

आता आमच्या तलावाची गोष्ट. तुम्ही मला बोलावलंय ते यासाठीच.

आमचा तलाव सहा वर्षं बंद होता. बंद का, तर पहिल्यांदा मोटार जळाली. मग मोटारीचं टेंडर निघालं नाही. मग जीवरक्षकांची पदं भरली नाहीत. मग सगळ्यांनी मिळून विसरून टाकलं. त्या सहा वर्षांत वस्तीतली पोरं उन्हाळ्यात खदानीत पोहायला जायची. खदानीला काठ नसतो. एक पाऊल गुडघाभर, दुसरं पाऊल वीस फूट. आमच्या गल्लीतला आठवीतला पोरगा तिथं गेला तो दुसऱ्या दिवशी वर आला. त्याचं नाव मी इथं घेत नाही, त्याची आई अजून त्या नावानं कुणी हाक मारली की दारात येते. दहाव्याचे दिवस झाल्यावर आम्ही सतरा पोरं आणि चार पोरी ऑफिसात जाऊन बसलो. म्हटलं, तलाव आम्ही साफ करतो, तुम्ही सामान द्या आणि वीज द्या. साहेबांना वाटलं, चांगलंय, फुकटात होतंय. परवानगी मिळाली.

पहिलं भांडण आमच्यातच. पोरं म्हणाली, पाणी सोडून देऊ, तळ घासू, नवं भरू. ऐकायला बरोबर वाटतं. मी हिशोब मांडला. लांबी २५ मीटर, रुंदी १५, उथळ टोकाला खोली १ मीटर, खोल टोकाला २.२. सरासरी १.६. गुणाकार करा, ६०० घनमीटर. म्हणजे सहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे साठ टँकर. आमच्या गल्लीत नळाला तासभर पाणी येतं, तेही बाया पहाटे साडेचारला उठल्या तर. साठ टँकर गटारात सोडून साठ मागवायचे, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसरं कारण अधिक मोठं. जून संपत आला होता. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. भरलेला तलाव आपल्या वजनानं बसून राहतो. रिकामा तलाव म्हणजे जमिनीत पुरलेली होडी. खालून पाण्याचा दाब आला की अख्खी टाकी उचलते, तळ फाटतो, टाइल उडतात. मग दुरुस्तीला जो खर्च येतो तो ऐकून तलाव पुन्हा दहा वर्षं बंद. तेव्हा लक्षात ठेवा, पावसाळ्यात कुणी इंजिनिअर म्हणाला रिकामा करा, तर त्याला जमिनीतली पाणीपातळी विचारायची. सांगता आली नाही तर व्हॉल्व्हला हात लावू द्यायचा नाही.

पहिले तीन दिवस आम्ही रसायनाला शिवलोच नाही. लांब दांडीच्या जाळीनं काठावरून कचरा काढला. पानं, प्लास्टिक, नारळ, देवाचे फोटो. (देवाचे फोटो काढायला काही पोरं बिचकली. मी म्हटलं, फ्रेम स्क्रॅपला जाते, काच वेगळी ठेवा.) हे आधी का? कारण क्लोरीन आंधळं असतं. त्याला शेवाळ आणि पिंपळाचं पान यातला फरक कळत नाही. कचरा आत ठेवून पावडर टाकाल तर पावडर पान खाण्यात संपेल आणि पाणी हिरवं ते हिरवंच.

आणि आता बॅलन्सिंग टँक. इथं थांबून बोलणार आहे, घड्याळ बघू नका.

तलावाच्या कडेनं गटार असतं, त्यातून सांडलेलं पाणी जमिनीखालच्या एका टाकीत जातं, तिथून पंप ते ओढतो. ती टाकी म्हणजे बॅलन्सिंग टँक. वर दोन बाय दोनचं झाकण. आमच्या टाकीत सहा वर्षांचा गाळ, कमरेइतका. सुपरवायझर आला, झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "दोन पोरं उतरवा. पाचशे-पाचशे देतो. तुमच्या लोकांना सवय असते."

सवय असते!

माझा मामा अशाच एका झाकणाखाली गेला. बादलीसकट वर काढला. कागदावर लिहिलं, पाय घसरला. पाय घसरत नाही, दोस्तांनो. कुजलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड साठतं. सडक्या अंड्याचा वास. काठीनं गाळ हलवला की वायू एकदम सुटतो. थोडा असतो तेव्हा वास येतो, जास्त झाला की नाक मरतं, वास यायचा बंद होतो. माणसाला वाटतं, गेला वास, उतरू या. आणि तिथंच प्राणवायूही कमी. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. पेपरात बातमी कधी एकाची वाचलीय का? दोन, तीन, चार. या अशा मरणाला कुणाच्याच फुफ्फुसाला सवय नसते. २०१३ चा कायदा गटारात आणि सेप्टिक टाकीत बिगरसाधनाचा माणूस उतरवायला मनाई करतो. उद्या कुणी वकिली काढेल, ही टाकी गटारही नाही, सेप्टिकही नाही. वायूला ती वकिली कळत नाही.

आम्ही कुणी उतरलो नाही. सुपरवायझर रागावला, काम दोन दिवस बंद पाडलं. आम्ही झाकण उघडं टाकून त्याभोवती दोर बांधला, भाड्यानं गाळ-पंप आणला, वरून पाण्याचा जोर मारत गाळ पातळ केला आणि काठावर उभं राहून उपसला. भाड्याचे पैसे वर्गणीतून. दोन दिवस उशीर झाला. झाला तर झाला.

फिल्टरकडे या. प्रेशरचा सँड फिल्टर. वरचं झाकण खोललं तर आत वाळू नाही, वाळूचे लाडू. तेल, घाम आणि शेवाळ यांनी वाळू चिकटून गोळे होतात, आणि पाणी गोळ्यांच्या फटीतून न गाळताच पळतं. वाळू बाहेरूनच उपसली, नवी चाळलेली भरली. पंपाच्या आधी जाळीचा डबा असतो, केस पकडणारा, त्यातून काय निघालं ते जेवायच्या आधी सांगत नाही. मोटारीचं अर्थिंग आमच्यातल्या वायरमन पोरीनं तपासलं. आयटीआय झालेली आहे. अर्थिंग नव्हतंच. वायर होती, जमिनीपर्यंत पोचत नव्हती. ३० मिलिअँपिअरचा गळती तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय तिनं स्विच टाकू दिला नाही. ओल्या लादीवर उभ्या माणसाला वीज दुसरी संधी देत नाही.

मग पीएच. हिरव्या पाण्याचा पीएच चढलेला असतो, शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं म्हणून. आमचा ८.४ च्या वर. पाहिजे ७.२ ते ७.८ च्या मधे. क्लोरीन मारताना खालच्या टोकाला ठेवावा. का, तर ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग खरं काम करतो. ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. पोती ओतली, पाणी हललं नाही, असं म्हणणारे कंत्राटदार बघितलेत ना? त्यांनी पीएच बघितलेला नसतो.

पीएच उतरवायला म्युरिॲटिक ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमधे पाणी नाही. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ. आणि ॲसिडचा डबा आणि ब्लीचिंगचं पोतं एका खोलीत नाही म्हणजे नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू. पहिल्या महायुद्धात सैनिक मारायला वापरला तोच.

या ॲसिडची एक गोष्ट आहे. अमेरिकेतली. ज्या देशातल्या पँथरांवरून आपल्या पोरांनी १९७२ साली नाव उचललं तिथली. फ्लोरिडात सेंट ऑगस्टिन गावात मॉन्सन मोटर लॉज नावाचं हॉटेल होतं. तलाव फक्त गोऱ्यांना. १८ जून १९६४ ला काळी आणि गोरी पोरं मिळून त्या तलावात उतरली. मालक जेम्स ब्रॉक, त्यानं हेच म्युरिॲटिक ॲसिड आणलं आणि माणसं आत असताना पाण्यात ओतलं. फोटो जगभर छापून आला. एवढ्या पाण्यात ते पातळ झालं, माणसं वाचली. पण बघा, महाडला दूध-दही, तिथं ॲसिड. तलाव साफ करायच्या वस्तूनं माणूसच बाहेर काढायचा. पंधरवड्यात, २ जुलैला, तिकडं नागरी हक्कांच्या कायद्यावर सही झाली.

परत आमच्या काठावर. ब्लीचिंग, म्हणजे आपली टीसीएल पावडर, गावाकडं विहिरीत टाकतात ती. ताज्या पावडरीत वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन. सहा लाख लिटरला दहा पीपीएम आणायचा तर क्लोरीन सहा किलो, पावडर वीस किलो. हा हिशोब ताज्या पावडरीचा. स्टोअरमधून आलेली पोती फाटकी, दमट, अर्धी मेलेली. परत केली, तारीख बघून नवी घेतली. प्लास्टिकच्या पिंपात आधी पाणी, मग पावडर, ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी तलावात. हे सगळं दिवस मावळल्यावर. भर उन्हात उघड्या पाण्यातलं क्लोरीन तासाभरात निम्म्यावर येतं, ऊन खातं ते.

पहिल्या रात्री वीस किलो. सकाळी तपासलं, शून्य. पोरांची तोंडं उतरली. दुसऱ्या रात्री वीस. शून्य. कुणीतरी म्हणालं, च्यायला, हे पाणी आपल्याला झेपत नाही. मी म्हटलं, सहा वर्षांची भूक आहे त्याची, दोन जेवणात भागेल? तिसऱ्या दिवशी भिंती ब्रशनं घासल्या, कोपरे, शिडीच्या मागं, टाइलच्या फटी. शेवाळ चिकट असतं, घासल्याशिवाय क्लोरीन त्याच्या पोटात शिरत नाही. चौथ्या सकाळी पाणी हिरवं नव्हतं. राखाडी होतं, कपडे धुतलेल्या पाण्यासारखं. मी ओरडलोच. राखाडी म्हणजे शेवाळ मेलं. पाचव्या सकाळी रात्रीचं क्लोरीन जवळजवळ तेवढंच शिल्लक. भूक भागली.

मेलेलं शेवाळ फिल्टरला एकट्याला आवरत नाही. तुरटी घातली, हजार लिटरला तीस ग्रॅमच्या हिशोबानं अठरा किलो, विरघळवून, सगळीकडं. दोन तास पंप फिरवला, मग बंद. रात्रभर कुणी पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी बघतो तर तळाला कापसाची गादी पसरावी तसा गाळ, आणि वर पाणी... वरचं पाणी बघून सगळे गप्प झाले. गाळ व्हॅक्यूमनं ओढून थेट बाहेर काढला, फिल्टरमधून नाही, नाहीतर नवी वाळू पहिल्याच दिवशी बसते. हे करताना पाइप इंचाइंचानं सरकवायचा. घाई केली की गादी उठते आणि पुन्हा एक रात्र.

मग पंप चालू तो चालूच. आमचा पंप तासाला शंभर घनमीटरचा. सहा तासांत सगळं पाणी गाळून निघालं, असं ऑफिसच्या कागदावर असतं. खोटं आहे. गाळलेलं पाणी परत न गाळलेल्यात मिसळतं. सहा तासांनी एक तृतीयांशाहून जास्त पाणी फिल्टर न बघितलेलंच असतं. चोवीस तासांनी ९८ टक्के गाळलेलं होतं. साफ फिल्टरचं गेज ०.८ किलो दाखवत होतं, १.४ ला गेलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. पहिल्या दोन दिवसांत सात वेळा धुतली.

एकोणिसाव्या दिवशी खोल टोकाच्या काठावर उभं राहून तळाच्या जाळीची भोकं मोजता आली. हीच परीक्षा. तळाची जाळी दिसत नसेल तर बुडालेला माणूसही दिसत नाही. जाळी नीट बसलीय का तेही त्याच वेळी बघा. सुटलेली जाळी पोराचे केस नाहीतर हात ओढून धरते. निर्जंतुक बाटलीत नमुना भरून सरकारी प्रयोगशाळेत पाठवला. तिकडून निरोप येईपर्यंत आम्ही कुणीही पाण्यात उतरलो नाही. एकवीस जणांना काठावर बसवून ठेवणं हे अख्ख्या कामातलं सगळ्यात कठीण काम होतं.

आणि मग साहेब आले. म्हणाले, वा, छान झालं. आता हा क्लबला चालवायला देऊ. मेंबरशिप ठेवू. वस्तीतली पोरं आली की पाणी परत घाण होईल.

हे मला नवं नव्हतं. मी पंपावर होतो तिथं नऊ वर्षं पाटी होती, 'कर्मचाऱ्यांना पोहण्यास मनाई'. पाणी आमच्या हातचं, उडी त्यांची. आणि कुलूप लावणं हीसुद्धा एक कला आहे, बरं का. मिसिसिपीच्या जॅक्सन शहराला कोर्टानं सांगितलं, काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळ्या जागा चालणार नाहीत. शहरानं काय केलं? चार तलाव बंद करून टाकले, पाचव्याचा करार सोडून दिला. सगळ्यांना सारखंच, कुणालाच नाही! १९७१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी हे चालवून घेतलं. म्हणून म्हणतो, तुमच्या गेटवरच्या कुलपाकडं नुसता आळस म्हणून बघू नका. कधी आळस असतो, कधी नसतो.

आम्ही साहेबांना म्हटलं, मोजू या. महिनाभर सकाळी पैसेवाल्यांची बॅच, दुपारी वस्तीची. प्रत्येक बॅचनंतर पाणी तपासायचं. डोळे चुरचुरतात, वास येतो, तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवीतला युरिया क्लोरीनला चिकटतो, त्याचा तो वास. वहीत लिहीत गेलो. दोन्ही बॅचनंतर आकडा वाढला. कमी-जास्त झाला तो कोण होतं यावर नाही, उतरायच्या आधी साबण लावून अंघोळ केली का नाही यावर. साहेबांच्या ओळखीचे दोन गृहस्थ शॉवर टाळून थेट उडी मारायचे, त्यांच्या दिवसांचे आकडे वहीत वेगळे दिसतात. आमच्या पोरांनीही सुरुवातीला टाळला, तेही वहीत आहे. वही खोटी लिहायची नाही, आपल्या बाजूनंसुद्धा नाही.

वस्तीच्या दोन बॅच मिळाल्या. क्लबचा प्रस्ताव मेला नाही, फायलीत झोपलाय. भांडण चालू आहे. बायांच्या बॅचला साहेबांनी नाही, आपल्याच मर्दांनी खोडा घातला. मोर्चाला पुढं चालणारे, घोषणा देणारे, आणि घरी येऊन म्हणाले, आपल्या पोरींनी तसले कपडे घालायचे? चार पोरी त्या तलावाच्या गाळात रबरी बूट घालून उभ्या राहिल्या तेव्हा यांना कपडे दिसले नाहीत. आता सोमवार-गुरुवार संध्याकाळी बायांची बॅच असते. सुती कपडा चालत नाही, त्याचे धागे फिल्टर बसवतात, हा एकच नियम. माझी बायको त्रेचाळीसाव्या वर्षी तरंगायला शिकली.

बस्स झालं माझं. रविवारी सुरू करायचं म्हणता, तर उद्यापासून तीन कामं. एक, बॅलन्सिंग टँकचं झाकण कुठं आहे ते शोधा आणि त्यावर कुणाला तरी बसवून ठेवा, लहान पोरं येतात. दोन, लांबी, रुंदी, दोन्ही टोकांची खोली मोजून आणा. तीन, वही. दोनशे पानी, बांधणीची, सुटी पानं नकोत, पानं फाडली जातात.

मी किट आणलंय. कुणीतरी भगदाडातून जाऊन तलावातलं बादलीभर पाणी आणा, वरचं नको, कोपरभर खोलीतलं. आणि तो दिवा जरा इकडं घ्या, रंग नीट दिसायला पाहिजे.